पर्यायशब्द आणि पाठभेद : आर.एन.ए.च्या वाचनातील एक धडा

आनुवंशिकीच्या परिभाषेत भाषाव्यवहारातील शब्दांचा भरणा मोठा आहे. डी.एन.ए.तील मजकुराची आर.एन.ए.मध्ये नक्कल होते, संदेशवाहक आर.एन.ए. तो केंद्रकाबाहेर नेतो आणि तेथे त्याचे प्रथिनात भाषांतर होते, असे जीवशास्त्रज्ञ म्हणतात. ही रूपके कोठवर सार्थ आहेत, हे पाहण्यास एका व्याधीचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

आर.एन.ए.ची वर्णमाला चार अक्षरांची, आणि तीन अक्षरांचा एक शब्द. अशा ६४ शब्दांपैकी ६१ शब्द २० ॲमिनो अम्लांचे वाचक असून उरलेले तीन विरामदर्शक आहेत. अर्थात बहुतेक अम्लांना एकाहून अधिक पर्यायशब्द आहेत. या कोशातील 'यूयूयू' हा पहिला शब्द निरेनबर्ग व मॅथाय यांनी १९६१ मध्ये उलगडला. त्याचा अर्थ फिनिल-ॲलानीन. 'यूयूसी' हा त्याचाच पर्याय. दोहोंपैकी कोणताही योजला तरी प्रथिनात भेद पडू नये, असे कोश सांगतो.

परंतु 'जल' आणि 'पाणी' कोशात समानार्थी असले, तरी 'गंगापाणी' कोणी म्हणत नाही आणि डोळ्यांत 'जल' येत नाही. आर.एन.ए.च्या बाबतीतही केवळ कोशावर विसंबून भागत नाही. शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या स्वतंत्र संशोधनातून १९७७ मध्ये असे दिसून आले की, जनुकातील मजकूर सलग नसतो. एक्झॉन नामक खंडांच्या मध्ये इंट्रॉन येतात. ते छाटून एक्झॉन जोडल्यावरच संदेश सिद्ध होतो. ही छाटणी करणारी यंत्रणा शब्दार्थ जाणत नाही. अक्षरक्रमाला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या खुणेवरून ती खंडांच्या सीमा ठरविते.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या व्याधीचे मर्म येथेच आहे. या रुग्णांत एसएमएन-१ हे जनुक नसते किंवा सदोष असते. एसएमएन-२ ही त्याची जवळजवळ तंतोतंत प्रत जवळ असते. पण तिच्या सातव्या एक्झॉनात 'यूयूसी'ऐवजी 'यूयूयू' आहे. अर्थ तोच, तथापि या एका अक्षराने खूण पुसट होते, बहुतेक संदेशांतून सातवा एक्झॉनच गळतो आणि अपुरे प्रथिन टिकत नाही. परिणामी मज्जारज्जूतील चालक चेतापेशी मरतात. तीव्र प्रकारात, उपचारांवाचून, बहुतेक बालके श्वसनयंत्राच्या साहाय्याविना दोन वर्षांपलीकडे जगत नसत.

डिसेंबर १९१६ नव्हे, तर अगदी अलीकडे, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता पावलेले नुसिनर्सेन हे औषध म्हणजे अवघ्या १८ अक्षरांचा एक पूरक तुकडा होय. एक्झॉन गाळावयास लावणारी प्रथिने शेजारच्या इंट्रॉनातील ज्या जागी बसतात, ती जागाच तो व्यापतो. मग सातवा एक्झॉन संदेशात राहतो. मूळ प्रतीस हात न लावता येथे पाठ तेवढा सुधारला जातो.

याच कारणाने त्याची मर्यादाही स्पष्ट होते. डी.एन.ए. बदलत नसल्याने औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पुनःपुन्हा द्यावे लागते. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. म्हणून निदान लवकर होणे निर्णायक ठरते. लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार लाभलेली अनेक बालके चालू लागली आहेत. ज्या फरकास कोश निरर्थक मानतो, त्यावरही जीवित अवलंबून असू शकते, हे जीवशास्त्राइतकेच भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानी घेण्याजोगे आहे.