विमानतळ मोठा करायचा म्हणजे काय?

शाळेत मुले वाढली की वर्गखोल्या वाढवाव्या लागतात. विमानतळ अपुरा पडला तर तोही असाच मोठा करावा, असे आपल्याला सहज वाटते. पण विमानतळ म्हणजे नुसती इमारत नव्हे. मुंबईच्या विमानतळाचे उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

मुंबईत २०१४ साली नवी, प्रशस्त प्रवासी इमारत सुरू झाली. प्रवाशांची सोय झाली, पण त्या प्रमाणात विमाने वाढवता आली नाहीत. अडचण धावपट्टीची होती. येथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून विमान सोडणे धोक्याचे असते. म्हणून दोन धावपट्ट्या असूनही काम जवळजवळ एकीचेच होते.

एका धावपट्टीवरून किती विमाने सोडता येतील, यालाही मर्यादा आहे. विमान उडताना पंखाखालच्या हवेचा दाब जास्त आणि वरच्या हवेचा कमी असतो. त्यामुळे पंखांच्या टोकांशी हवा खालून वर वळते आणि विमानामागे जोरदार भोवरे तयार होतात. ते विरेपर्यंत मागच्या विमानाला अंतर राखावे लागते. तरीही मुंबईत गर्दीच्या वेळी तासाला सुमारे ४५ विमानांची ये-जा होते. ३६०० सेकंदांना ४५ ने भागल्यास उत्तर येते ८०. म्हणजे दर ८० सेकंदांना एक विमान! याहून घाई करण्यास फारसा वाव नाही.

मग आणखी एक धावपट्टी का बांधू नये? भोवताली दाट वस्ती आहे. शिवाय मिठी नदी धावपट्टीच्या खालून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एक हेक्टर जमिनीवर या पावसाचे सुमारे ९४ लाख लिटर पाणी पडते. एवढ्या पावसात मातीही लवकरच तुडुंब भिजते हे खरे. पण सखल मोकळी जमीन पाणी काही काळ धरून ठेवते. काँक्रीट मात्र ते लगेच पुढे लोटते.

म्हणून नवी मुंबईत दुसरा विमानतळ उभारला गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. याचे लाभ उघड आहेत. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्या कमी होऊ शकतात. हापूस आंबा, फुले, औषधे असा नाजूक माल लवकर पोहोचतो. रोजगारही वाढतो. पण त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला, खारफुटी तोडावी लागली आणि गावे उठवावी लागली. शिवाय विमानाचे १ किलो इंधन जळले की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. घिरट्या वाचल्याने इंधन वाचते, पण उड्डाणे वाढली की ती बचत पुसली जाते.

एक तोटा तर आकड्यांतच लपून राहतो. तो आवाजाचा. आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. ध्वनिऊर्जा दुप्पट झाली की पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. दिवसाला शंभराऐवजी तशीच दोनशे विमाने डोक्यावरून गेली, तर सरासरीत जेमतेम ३ डेसिबेलची वाढ दिसेल. आकडा किरकोळ वाटतो. पण खाली राहणाऱ्यांची झोप आणि तेथील वर्गातले बोलणे तुटण्याचे प्रसंग दुप्पट झालेले असतात. म्हणून सरासरीबरोबरच विमानांची संख्या आणि त्यांच्या वेळाही विचाराव्यात.

वर्गात फळ्यावर तीन रकाने आखावेत: काय बदलते, लाभ कोणाला, तोटा कोणाला. मुलांनीच ते भरावेत. लाभ घेणारे दूरदूर पसरलेले असतात, तर तोटा सोसणारे विमानतळाच्या कुंपणालगत असतात, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल. विस्तार हवा की नको, एवढाच प्रश्न मग उरत नाही. तोटा सोसणाऱ्यांचे काय, हा प्रश्नही त्याच्या जोडीला येतो.