एका मोठ्या संख्येची परीक्षा

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे दुपटीनें दाणे मांडीत गेल्यास तेहतिसाव्या घरांत ४,२९,४९,६७,२९६ दाणे लागतात. त्यांत आणखी एक मिळवा. होणारी संख्या दिसावयास इतर संख्यांसारखीच. पण एका थोर गणितज्ञाचा विश्वास तिनें खोटा ठरविला.

हा गणितज्ञ म्हणजे फ्रान्समधील पिएर द फेर्मा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ ह्या मालिकेंत प्रत्येक संख्या मागील संख्येचा वर्ग आहे. प्रत्येकींत एक मिळविला कीं ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशा संख्या होतात. ह्या पांचही मूळ संख्या, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज कशानेंही निःशेष भाग न जाणाऱ्या. ही माळ अशीच अखंड चालेल, असें फेर्मानें १६४० सालीं पत्रांतून कळविलें. सिद्धता मात्र दिली नाहीं. माळेंतील सहावी संख्या ती आपली.

तिची परीक्षा सरळ मार्गानें करावयाची, तर ६५,५३६ च्या आंतील ६,५४२ मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल. १७३२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ऑयलरनें तिचा अवयव शोधून काढला: ६४१. दुसरा अवयव ६७,००,४१७. अशा संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीहून एकानें अधिक असतो, हें त्यानें पुढें सिद्ध केलें. तेवढ्या आधारावर १९३, २५७, ४४९, ५७७ ह्या चार संख्या वगळल्या कीं पांचवी ६४१ च येते!

लांबलचक भागाकार न करतांही याचा पडताळा घेतां येतो. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. त्यांतून १ वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला ६४१ नें भाग जातोच. हें शाळेंतील बीजगणित आहे. आतां ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. त्यानें २ चा अठ्ठाविसावा घात गुणा, आणि त्या गुणाकारांतून वरील संख्या वजा करा. उरतो तो २ चा बत्तिसावा घात अधिक १, म्हणजे आपलीच संख्या. दोन्ही संख्यांना ६४१ नें भाग जातो. तेव्हां त्यांच्या वजाबाकीलाही गेलाच पाहिजे.

आज यंत्रांच्या साहाय्यानें ह्या माळेंतील सहावीपासून तेहतिसावीपर्यंतची प्रत्येक संख्या विभाज्य ठरली आहे. पहिल्या पांचांपुढें मूळ संख्या एकही सांपडलेली नाहीं; पुढें कधींच सांपडणार नाहीं, असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं. पांच उदाहरणांवरून फेर्मा फसला. तेव्हां अठ्ठावीस उदाहरणांवरून आपणही उलट निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. गणिताच्या न्यायासनापुढें साक्षीदार कितीही आले, तरी निकाल लागतो तो सिद्धतेनेंच.