पत्रिका पडताळणारी माणसं

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. मग आठवडाभर केंब्रिज, फ्रेड हॉईल आणि विश्वाचा स्थिर-स्थिती सिद्धान्त यांची उजळणी झाली. त्यात मला भर घालायची नाही. १९८८ साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तेही सर्वांना ठाऊक आहे. माझं मन अडकलं आहे ते अंधश्रद्धेवर उघड वाद झडत होते त्या, १९९५ ते २००८ या काळात.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं. महिन्याभरानं, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण आलं. राजस्थान ते बंगाल पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. आमच्या गल्लीत निम्म्या खिडक्या बंद होत्या, उरलेल्या निम्म्यांतून लोक काळ्या काचा धरून पाहत होते, आणि संध्याकाळी दोन्ही बाजू एकमेकांशी तावातावानं भांडल्या. ते भांडण मला फार मोलाचं वाटतं.

२००१मध्ये यूजीसीनं विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले. नारळीकरांनी उघड विरोध केला. शास्त्रज्ञ पुष्प भार्गव त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. खासगीत हळहळणारे आणि सहीचा कागद पुढे केला की घाईत निघून जाणारे विज्ञानाचे प्राध्यापक मी तेव्हा पाहिले. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

नारळीकर मात्र निकालापाशी थांबले नाहीत. २००८मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या नरेंद्र दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन त्यांनी हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवून जेवढी येतील तेवढीही नाहीत.

२०१३मध्ये दाभोलकरांचा खून झाला. २०२१मध्ये इग्नूनं ज्योतिषात एम.ए. सुरू केलं. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं, पण आमच्या गल्लीत त्यावर एकही वाद झडला नाही. दहावीत मुलांना डार्विन शिकवणार नाहीत, हे कळूनही पालक चिडले नाहीत, याचं मला दुःख आहे.

२००८च्या त्या चाचणीची पद्धत छापलेली आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागानं ती यंदा पुन्हा करावी आणि निकाल मराठीत छापावा.