मोलेचे अरण्य : पाहावे कसे, जपावे का

पणजीहून बेळगावकडे जाताना अनमोड घाट चढण्यापूर्वी मोले गाव लागते. बहुतेक प्रवासी तेथे चहापुरते थांबतात आणि पुढे जातात. परंतु भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे समृद्ध अरण्य येथेच पसरले आहे. त्यांपैकी १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

येथे पाहावे काय? दूधसागरचा धबधबा सर्वांना परिचित आहे. तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिरही अवश्य पाहावे. वन्यप्राणी मात्र प्राणिसंग्रहालयातल्याप्रमाणे समोर येऊन उभे राहत नाहीत. पहाटे निघावे, हळू बोलावे आणि धीर धरावा. मग गोव्याचा राज्यप्राणी गवा, शेंड्यावरून झेप घेणारे शेकरू किंवा पंखांचा मोठा आवाज करीत जाणारा धनेश दृष्टीस पडण्याचा संभव असतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवितो. हेच पक्षी फळांच्या बिया दूरवर टाकून रान वाढवितात. जुनी, पोकळ झाडे तोडली गेली तर धनेशाचे घर जाते आणि रानाचा माळीही जातो.

या अरण्याशी आपले नाते केवळ सहलीचे नाही. पावसाचे पाणी येथील माती व मुळे धरून ठेवतात आणि उन्हाळ्यातही ते ओढ्यांतून झिरपत राहते. दूधसागर नदीचे पाणी खांडेपार नदीत येते, आणि खांडेपारच्या पाण्यावर ओपा येथील पाणीपुरवठा प्रकल्प चालतो. फोंडा व तिसवाडी तालुक्यांतील अनेक घरांच्या नळाचे मूळ असे या रानात आहे.

म्हणून प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी. माकडांना खाऊ घालू नये, प्लास्टिक परत न्यावे आणि सुक्या पानांत विडीचे थोटुक टाकू नये. धबधब्यासाठी रेल्वेमार्गावरून चालत जाणे बेकायदा आहे व प्राणघातकही ठरू शकते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना येथे जरूर आणावे. परंतु निघण्यापूर्वी, वर्गात पिण्याचे पाणी कोठून येते, हा प्रश्न त्यांना आधी विचारावा. उत्तर ते रानात स्वतः शोधतील.