हातविणीचे मोजे व फडकी

हातविणीचे मोजे व फडकी : लोकरीच्या किंवा सुती धाग्याचे टाके सुयांवर हाताने विणून केलेले पायमोजे व अंग घासण्याची फडकी, तसेच ती विणण्याचे नमुने. नमुना या शब्दाने येथे केवळ नक्षी अभिप्रेत नसून धाग्याचा प्रकार, सुयांची जाडी, टाक्यांची संख्या आणि ते वाढविण्याचा व घटविण्याचा क्रम मिळून होणारी संपूर्ण कृती अभिप्रेत आहे. फडके सपाट असते. मोज्याला मात्र घोट्याशी काटकोनात वळणारा पाय झाकावा लागतो. त्यामुळे फडक्याच्या नमुन्यातील चूक खपून जाते, मोज्यातील चूक पायाला बोचते. मोजा हा शब्द फार्सी असून त्या भाषेत त्याचा अर्थ बूट असा होता.

ईजिप्तमध्ये इ. स. तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील लोकरी मोजे सापडले असून त्यांतील काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियममध्ये आहेत. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा केलेला आहे. ते विणलेले दिसत असले, तरी वस्तुतः एकाच शिवणसुईने धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून केलेले आहेत. दोन वा अधिक सुयांवर विणलेले खरे मोजे त्यानंतर काही शतकांनी ईजिप्तमध्येच आढळतात. ते बहुतांशी सुती असून त्यांवर निळ्या व पांढऱ्या रंगांत नक्षी आहे. काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाची नक्षीही दिसते. यूरोपात सोळाव्या शतकात रेशमी मोजे श्रीमंतांच्या पोशाखाचा भाग झाले. १५६२ मध्ये मरण पावलेल्या फ्लॉरेन्सच्या एलिओनोरा दी तोलेदो हिच्या दफनवस्त्रांत असे हातविणीचे मोजे मिळाले आहेत. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले; परंतु त्यावर सपाट कापड निघे व त्याला मागे शिवण घालावी लागे. हातांनी गोलाकार विणलेल्या मोज्यास शिवण नसे, हा त्याचा गुण पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला.

विणीचे ज्ञान प्रारंभी तोंडीच दिले जाई. मोज्याची कृती सांगणारा इंग्रजीतील सर्वांत जुना ज्ञात छापील नमुना १६५५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या एका औषधी व घरगुती कृतींच्या पुस्तकात आहे. १८४० च्या सुमारास ब्रिटनमध्ये विणकामाची स्वतंत्र पुस्तके निघू लागली आणि टाक्यांसाठी संक्षेपचिन्हे रूढ झाली. यामुळे नमुने दूरवर पोहोचले. मात्र एक हानीही झाली. आई मुलीला टाच शिकवी तेव्हा ती अशी का वळवावयाची हेही सांगे. छापील नमुन्यात बहुधा आकडेच उरले.

हे आकडे कोठून येतात ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चवड्याचा घेर २२ सेंमी. असल्यास मोजा किंचित ताणला जाऊन पायावर बसावा म्हणून त्याचा घेर सु. १० टक्क्यांनी कमी, म्हणजे २० सेंमी. धरतात. बारीक लोकर व सु. २·५ मिमी. जाडीच्या सुया घेतल्यास १० सेंमी. रुंदीत साधारणपणे ३२ टाके बसतात. म्हणून वरच्या काठासाठी ६४ टाके घालतात. दहा सेंमी.मधील टाक्यांच्या या संख्येस विणीचा ताण म्हणतात. सैल हाताने विणणाऱ्या व्यक्तीचे तेवढ्याच रुंदीत २८ टाके बसले, तर त्याच ६४ टाक्यांचा घेर जवळजवळ २३ सेंमी. होतो आणि मोजा बुटात गोळा होऊ लागतो. नमुना बिनचूक पाळूनही मोजा बिघडतो तो बहुधा याच कारणाने. तेव्हा प्रारंभी १० सेंमी.चा चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून त्यातील टाके मोजावेत.

टाके दोन्ही टोकांस अणकुचीदार असलेल्या चार किंवा पाच सुयांवर वाटून गोल विणतात. काठ दोन सुलट व दोन उलट टाक्यांचा असतो. ही वीण आडवी ताणली जाऊन पुन्हा मिटते, त्यामुळे मोजा घसरत नाही. पोटरीचा भाग झाल्यावर टाच येते आणि मोज्याचे खरे कौशल्य येथेच आहे. निम्म्या, म्हणजे ३२ टाक्यांवर पुढे-मागे ३२ ओळींची पट्टी विणतात. सुलट ओळीत एक टाका विणून दुसरा न विणताच उचलतात. त्यामुळे धागा मागून जातो, पट्टी जाड होते व झिजेला तोंड देते. नंतर टाच वळवितात. ओळ शेवटपर्यंत न नेता मध्याच्या थोडे पुढे जाऊन, दोन टाके एकत्र करून व आणखी एक टाका विणून मागे फिरतात. परतीच्या ओळीतही असेच करतात. प्रत्येक वेळी एक टाका अधिक अंतरावर जात गेल्यास पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि ३२ पैकी १८ टाके उरतात. पट्टीच्या दोन्ही कडांवरून प्रत्येकी १६ टाके उचलले आणि पायाच्या वरच्या बाजूचे थांबवून ठेवलेले ३२ टाके मिळविले, की एकूण ८२ टाके होतात. घोट्याजवळ पायाचा घेर मोठा असल्याने हे जादा टाके तेथे हवेच असतात. पुढे एकाआड एक फेरीत दोन टाके घटवीत नऊ वेळा घट केली, की पुन्हा ६४ टाके उरतात आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या तयार होतात. शिंप्याला वेगळी कापून लावावी लागणारी कळी येथे टाक्यांच्या हिशोबातूनच निघते.

बोटांकडील भाग प्रत्येक घटीच्या फेरीत चार टाके कमी करीत निमुळता करतात व शेवटचे १६ टाके आठ-आठ असे समोरासमोर ठेवून सुईने विणीसारखेच जोडतात. सांधा उंच राहिला, तर बोटांना घासतो. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) खंदकांतील ओल्या थंडीने सैनिकांचे पाय सडत, तेव्हा कोरडे मोजे वारंवार बदलणे हाच एक मोठा उपाय होता व घरोघरी स्त्रिया सैनिकांसाठी मोजे विणीत. या सपाट सांध्यास इंग्रजीत ब्रिटिश सेनानी लॉर्ड किचनर यांचे नाव मिळाले. त्यांनीच तो योजिला, ही आख्यायिका समजावी.

वरून खाली विणण्याची ही पद्धत पश्चिम यूरोपातली होय. तुर्कस्तानात व बाल्कन प्रदेशात मोजा परंपरेने बोटांपासून सुरू करतात. या पद्धतीत जवळ आहे तेवढी लोकर संपेपर्यंत पोटरी वाढविता येते. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहूल भागाचे रंगीत भौमितिक नक्षीचे मोजे प्रसिद्ध आहेत. केलाँग येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरेव्हियन मिशनऱ्यांनी तेथील स्त्रियांना सुयांवरील विणकाम शिकविले. पुढे नक्षी, रंगसंगती व लोकर यांनी ते पूर्णपणे स्थानिक झाले. २०२१ मध्ये लाहूली मोजे व हातमोजे यांना भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्रावर विणलेला स्वस्त माल त्याच नावाने विकला गेला, तर खरी झळ विणणाऱ्या स्त्रियांनाच लागते, हे लक्षात घेता या मानांकनाचे महत्त्व कळते.

फडक्याचा नमुना याहून पुष्कळ सोपा असून नवशिक्याने प्रारंभ त्यापासूनच करावा. लोकर ताण सोसून पूर्ववत होते, म्हणून ती मोज्यास योग्य. सूत फारसे ताणले जात नाही, परंतु पाणी चांगले शोषते आणि ओले झाल्यावर अधिक बळकट होते, म्हणून ते फडक्यास योग्य. रूढ नमुन्यात ४ मिमी. किंवा त्याहून थोड्या जाड सुयांवर चार टाके घालून कोपऱ्यापासून सुरुवात करतात. प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट विणून धागा सुईवरून पुढे घेतात व उरलेले टाके सुलट विणतात; ओळीगणिक एक टाका वाढतो आणि कडेला छिद्रांची रांग उमटते. हव्या त्या रुंदीस पोहोचल्यावर छिद्रे कायम ठेवून ओळीमागे एक टाका घटवितात. सर्व ओळी सुलट असल्याने कडा गुंडाळल्या जात नाहीत आणि पृष्ठभागावर अंग घासण्यास उपयोगी असे उंचवटे येतात. येथे टाके दोन-चार कमीअधिक झाले, तरी फडके लहानमोठे होईल इतकेच.

महाराष्ट्राच्या हवेत लोकरी मोज्यांची गरज थोडी. त्यामुळे येथील विणकामात ते मुख्यतः तान्ह्या मुलांच्या टोपडे-स्वेटरबरोबरच दिसतात. या लहान मोज्यांत टाच बहुधा वळवीत नाहीत. घोट्याशी छिद्रांची ओळ ठेवून तीतून नाडी ओवतात. चालू न लागलेल्या मुलाला तेवढे पुरते. मोठ्यांचा मोजा प्रथम टाचेला व चवड्याला झिजतो. म्हणून त्या भागांत लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा घेतात आणि विणताना उरलेली थोडी लोकर रफूसाठी राखून ठेवतात.