बाळ मोठे असेल तर?

१९९९ साली स्कॉटलंडमध्ये नादीन माँटगोमेरी या मधुमेही स्त्रीच्या प्रसूतीत बाळाचे डोके बाहेर आले, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकला. नाळ दबली. बाळ पूर्ण बाहेर यायला बारा मिनिटे लागली. प्राणवायूअभावी त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली.

असे का होते? आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करते आणि खांद्यांवर, धडावर चरबी साठते. सोनोग्राफीवरून काढलेले वजन तर अंदाजच असते. येथे अंदाज ३.९ किलोग्रॅमचा होता, बाळ भरले ४.२५!

मधुमेही मातांमध्ये खांदा अडकण्याची शक्यता ९-१० टक्के असते. गंभीर इजा मात्र क्वचितच होते. डॉक्टरांनी हा धोका सांगितला नव्हता. सांगितला तर बहुतेक स्त्रिया सिझेरियनच मागतील, असे त्यांचे म्हणणे. सिझेरियनमध्येही रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके असतातच.

मग ठरवायचे कोणी? २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : महत्त्वाचे धोके व पर्याय डॉक्टरांनी सांगावेत, निवड आईने करावी. विज्ञान शक्यता मोजून देते. ती पत्करायची की नाही, हे तिनेच ठरवायचे.