बंद न करता बदलायचं कसं? म्हाताऱ्या डेटा सेंटरची गोष्ट

हे आजच्या भागाचं शब्दांकन. माझे दहा-बारा ‘म्हणजे’ कापलेत, बाकी जसं बोललो तसंच.

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे भागात फिरलात तर काही अवाढव्य, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतील. ती डेटा सेंटर्स. अशाच एका इमारतीत मी काही वर्षं शिफ्ट इंजिनिअर होतो. परवा एका श्रोत्याने विचारलं, “दादा, डेटा सेंटर जुनं झालं की बंद करून दुरुस्त करतात का?”

नाही ना! तीच तर गंमत आहे. बंद करताच येत नाही. धावत्या लोकलची चाकं बदलण्यासारखं काम आहे ते.

आधी जुनं काय होतं ते बघू. सर्व्हर तर काही वर्षांनी बदलतातच. खरी म्हातारी होते ती मागची यंत्रणा : बॅटऱ्या, जनरेटर, एसी, वायरिंग. वीज गेली की जनरेटर चालू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ यूपीएसच्या बॅटऱ्या भार उचलतात. या कामासाठी वापरतात त्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षांत थकतात, उकाड्यात तर त्याहून लवकर. लिथियमच्या बॅटऱ्या दहाएक वर्षं टिकतात.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. जुन्या हॉलमध्ये एका रॅकला, म्हणजे सर्व्हरच्या एका कपाटाला, ४-५ किलोवॅट वीज धरलेली असायची. आज एनव्हिडियाचा एआयसाठीचा जीबी२०० एनव्हीएल७२ हा एकच रॅक सुमारे १२० किलोवॅट खातो. म्हणजे दीड टनाचे जवळपास ८० एसी एका कपाटात! तिथे नुसती थंड हवा पुरत नाही, चिपपर्यंत द्रव फिरवावा लागतो.

मग चालू सेंटरमध्ये हे सगळं बदलतात कसं? तर प्रत्येक सर्व्हरला विजेच्या दोन वायरी असतात, ‘ए’ आणि ‘बी’. दोन्ही वेगवेगळ्या यूपीएसवरून येतात. आधी ‘ए’ बंद करायची, सगळा भार ‘बी’वर. ‘ए’च्या बॅटऱ्या बदला, तपासा, चालू करा. मग ‘बी’. कागदावर सोपं आहे. पण मधल्या काळात सगळी इमारत एका पायावर उभी असते.

आमच्याकडे बॅटऱ्या बदलायच्या होत्या ती रात्र मला अजून आठवते. रात्रीचे दोन वाजलेले. हातात छापील यादी, मी ब्रेकरपाशी उभा. आमचे सीनियर म्हणाले, “थांब, एक फेरी मारून येतो.” मी मनात म्हटलं, संध्याकाळीच तर बघितलंय सगळं. ते टॉर्च घेऊन एकेका रॅकच्या मागे वाकून बघत गेले आणि एका रॅकपाशी थांबले. तिथल्या दोन्ही वायरी ‘ए’लाच लावलेल्या!

मी ब्रेकर खाली केला असता तर तो रॅक तिथेच मेला असता. आत कुणाचं काय चालतं हे आम्हाला माहीत नसतं. कुणाचा पगार असेल, कुणाचे हॉस्पिटलचे रिपोर्ट असतील. माझे हात गार पडले होते. सर एवढंच म्हणाले, “यादीत लिही.”

आता एक मोठं उदाहरण. दक्षिण कोरियातलं देजॉन शहर, २६ सप्टेंबर २०२५. सरकारी डेटा सेंटरच्या पाचव्या मजल्यावर सर्व्हरच्या जवळच लिथियम बॅटऱ्या होत्या, दहा वर्षांची मुदत उलटलेल्या. त्या तळघरात हलवायचं काम चालू होतं. म्हणजे बघा, सुरक्षिततेसाठीच! वीज नीट तोडली नव्हती, असं पोलीस तपासात पुढे आलं. आग लागली आणि सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या. जी-ड्राइव्ह नावाच्या सरकारी क्लाउडमधला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला. सुमारे सव्वा लाख कर्मचारी तो वापरत होते. आकार फार मोठा म्हणून त्याचा बाहेर बॅकअपच ठेवलेला नव्हता.

मला यातून काय कळलं सांगू? जुनी वस्तू धोक्याची असतेच, पण सगळ्यात जास्त धोका ती बदलताना असतो. नव्या मशीनसाठी पैसे मंजूर होतात. टॉर्च घेऊन मारायच्या फेरीला आणि दुसऱ्या ठिकाणच्या बॅकअपला मात्र कुणी वेळ देत नाही. वाचवतात तर त्याच गोष्टी.

आणि हो, तुमच्यासाठी गृहपाठ. नवा फोन घेताय? जुना रिसेट करण्याआधी फोटो दुसरीकडे खरंच गेलेत का, ते उघडून बघा. ‘बॅकअप पूर्ण’ एवढं वाचून थांबू नका. तुमची टॉर्चची फेरी तीच.

भेटू पुढच्या भागात!